पाठ भाड्याने देणे आहे

शनिवार-रविवारी देहूरोडहून किवळे-रावेतकडे निघालं, की सर्व्हिस रोडच्या कडेला फलक धरून उभं राहिलेलं एखादं पोरगं हमखास दिसतं. फलकावर ठळक बाण आणि खाली ‘टू बीएचके, सॅम्पल फ्लॅट तयार’. फ्लॅट कुठे ते बाण सांगतो, कितीला ते बारीक अक्षरातली टीप सांगते, पोरगं काहीच सांगत नाही. ऊन सरकलं की तेही सावली धरून सरकतं आणि मग बाण थेट रसवंतीच्या गाड्याकडे वळतो. गिऱ्हाईक दोन्हीकडे मिळतं, म्हणून तक्रार कुणाचीच नाही.

धंदा जुनाच. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये भिंतींवर जागा मिळेना, त्यात पोस्टरांवर कर बसला. तेव्हा व्यापाऱ्यांनी माणसाच्या छातीवर एक आणि पाठीवर एक पाटी टांगून त्याला रस्त्यावर सोडलं. चार्ल्स डिकन्सने त्याला उपमा दिली, तीही सँडविचची! आपल्याकडे तंबू सिनेमावाल्यांनी हे काम बैलगाडीवर सोपवलं. दोन्ही अंगांना पोस्टर, पुढे वाजंत्री, मागे हँडबिलांसाठी धावणारी पोरं. बैल कडब्यावर खूश.

भिंती स्वच्छ राहाव्यात म्हणून 1995 चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. त्यात इमारत, भिंत, झाड, कुंपण, खांब सगळं आलं. माणसाची पाठ तेवढी राहिली. होर्डिंगची गोष्ट वेगळी. 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात वादळात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. आता वारं सुटलं की त्या सांगाड्यांखाली थांबायचा धीर होत नाही. फलकवाल्या पोराची भीती कुणाला वाटत नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हणायचा.

पण पाठींचा खरा हंगाम वारीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूत प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी अनगडशहा बाबांचा दर्गा, चिंचोली, देहूरोड करत आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. रस्त्याच्या दुतर्फा मांडव. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि त्यांच्या जोडीला टोप्या, पिशव्या, प्लास्टिकचे रेनकोट. कोरं काहीच नसतं. टोपीवर इच्छुक नगरसेवक, पिशवीवर पतसंस्था, पाठीवर आमदारांचा हसरा फोटो. निगडीच्या अलीकडे सर आली, की पाच मिनिटांत अख्खी दिंडी एकाच माणसाची होऊन जाते.

“काय लिवलंय रं माझ्या पाठीवर?” म्हातारी विचारते.

“सायबाचं नाव हाय, आज्जे.”

“आसंना का. भिजत तर न्हाई.”

असा तो साहेब, पाऊलही न टाकता, अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचतो. निवडणुकीत टोपी-उपरण्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात आणि खर्च उमेदवाराच्या नावावर पडतो. वारीत तो पुण्याच्या खात्यावर पडतो, हिशेब नंतर कधीतरी.

एवढ्यावरून देहूरोडकरांच्या पाठी फुकट जातात असं कुणी समजू नये. सकाळच्या पाळीला चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं पाहावीत. गणवेश इस्त्रीचा, छातीवर कंपनीचं नाव, आणि उभं राहायचं ते अशा बेताने, की नाव रस्त्याकडे यावं. टेल्कोची टाटा मोटर्स 2003 मध्येच झाली, पण जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘पोरगा टेल्कोत आहे’ हेच; ते लग्नाच्या बाजारात जास्त चालतं. कित्येक कंपन्यांत कायम आणि कंत्राटी कामगारांच्या शर्टाचा रंग वेगळा. मुलीचे मामा हा रंग लांबून ओळखतात. म्हणून कंत्राटी पोरगा मुलगी बघायला जाताना कोरा पांढरा शर्ट घालतो, आणि कायमवाला सुट्टीच्या दिवशीही कंपनीचाच.

ऑर्डनन्स फॅक्टरीतल्याला शर्टाचीही गरज पडत नाही. त्याची आई भाजी घेताघेता अख्ख्या बाजाराला सांगून आलेली असते.