दोनशेंतला एक

अनाथ असणं, डोंगरात वाढणं आणि विशीच्या आत असणं, या तीन अटींत बसल्याशिवाय जपानी सिनेमात मारेकरी होता येत नाही. माझे आईवडील साताऱ्यात ठणठणीत आहेत, डोंगराशी माझा संबंध कास पठारावर गाडी पंक्चर झाली होती तेवढाच, आणि पन्नाशी आता जिना चढून वर आली आहे. पोटासाठी मी सॉफ्टवेअर तपासतो. राहतो तोक्योच्या निशिकसाईत, जिथे स्टेशनाबाहेर मराठी, तेलुगू, तमिळ कानावर पडतं आणि कढीपत्त्यासाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. कुणाचा जीव घ्यायला जी पार्श्वभूमी लागते, ती माझ्याकडे नाही.

दोष ‘अझुमी’चा. हा र्‍युहेई कितामुराचा 2003 सालचा सिनेमा एका शनिवारी रात्री लेकीने लावला, आणि मी नेहमीसारखा झोपायच्या ऐवजी जागा राहिलो. कथा सेकिगाहाराच्या लढाईनंतरची. 1600 साली तोकुगावा इएयासु ती लढाई जिंकला, पण तोयोतोमी घराण्याचं मीठ खाल्लेले सरदार अजून हयात होते. ते पुन्हा उठले तर पुन्हा रक्तपात. म्हणून गेस्साई नावाचा एक म्हातारा डोंगरात दहा अनाथ पोरं वाढवतो, त्यांना तलवार शिकवतो, आणि ती तयार झाल्यावर एके दिवशी अंगणात उभं करून सांगतो, आपापल्या जिवलग मित्राबरोबर जोडी करा. पोरं हसत हसत जोड्या करतात. मग म्हातारा सांगतो, आता एकमेकांना मारा. त्यांतल्या अझुमी या पोरीच्या वाट्याला नाची येतो, ज्याच्यावर तिचा जीव असतो. दहातली पाच उरतात आणि त्या सरदारांना संपवायच्या कामगिरीवर निघतात.

“आणि हा यांना जेवायला काय घालत होता इतकी वर्षं?” बायकोने विचारलं. ती सिनेमा पाहत नव्हती, मटार सोलत होती. पण सिनेमातल्या व्यवहारी उणिवा तिला न पाहताही दिसतात. अझुमीचं ते आखूड वस्त्र आणि खांद्यावरची शाल पाहून, “डोंगरात एवढ्या थंडीत पाय उघडे?” हेही विचारून झालं.

मला मात्र इतिहासाने पकडलं. या पोरांच्या यादीत तीन नावं आहेत : असानो नागामासा, कातो कियोमासा आणि सानादा मासायुकी. आता गंमत बघा. खऱ्या इतिहासात हे तिघंही 1611 या एकाच वर्षात गेले. कियोमासा तर क्योतोच्या नीजो किल्ल्यात इएयासु आणि तोयोतोमी हिदेयोरी यांची भेट घडवून कुमामोतोला परत निघाला आणि वाटेत आजारी पडला. विषप्रयोगाची कुजबुज मागे राहिली ती राहिलीच. कोयामा यू या चित्रकथाकाराला एवढी फट पुरली. त्याने त्या फटीत एक पोरगी सोडली आणि चित्रकथा 1994 पासून पुढे चौदा वर्षं चालवली. (त्याच 1611 च्या सुमाराला आपल्याकडे दख्खनेत मलिक अंबर मोगलांच्या नाकी नऊ आणत होता. त्यावर असा सिनेमा कुणी काढत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.)

सिनेमाच्या शेवटी अझुमी एकटी एका वस्तीत शिरते आणि समोर दोनशे माणसं. अझुमीचं काम करणारी नटी आया उएतो तेव्हा सतरा वर्षांची होती. ती दोनशेंना कापत जाते. मग उरतो तो पांढऱ्या कपड्यांतला, हातात गुलाब घेऊन खिदळणारा बिजोमारू, ज्याच्या तलवारीला मूठ आणि पातं यांच्यामधली चकतीच नाही, कारण बचाव करायची वेळ आपल्यावर येणार नाही अशी त्याची खात्री. त्या दोघांच्या झुंजीत कॅमेरा त्यांच्या डोक्यावरून आणि पायांखालून गरागरा फिरतो. माझंही डोकं तसंच फिरलं असावं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डाच्या सभागृहात रविवारी सकाळी भरणाऱ्या वर्गाचा अर्ज भरला. वर्ग ‘ताते’चा, म्हणजे सिनेमा-नाटकातल्या तलवारबाजीचा. अर्जात उद्देश विचारला होता. ‘दोनशे माणसं मारणे’ असं लिहिता येत नाही, म्हणून ‘आरोग्य’ लिहिलं.

पूर्वतयारी म्हणून मधल्या आठवड्यात ‘लेडी स्नोब्लड’ पाहिला. 1973 सालचा, मेइको काजी नायिका असलेला. त्यात सूड घेण्यासाठीच जन्माला घातलेल्या युकीला एक बौद्ध भिक्षू लहानपणी पिंपात घालून उतारावरून सोडून देतो. ‘रुरोनी केनशिन’मधला केनशिन चौदाव्या वर्षी क्योतोच्या गल्ल्यांत लोकांचे मुडदे पाडत होता. चौदाव्या वर्षी मी बीजगणिताला घाबरून पोटात दुखतंय म्हणायचो. फरक जाणवला, पण वाटलं, भरून काढू.

पहिला अडथळा हाकामाचा. हाकामा म्हणजे सामुराई घालत तो चुण्यांचा घोळदार पायजमा. लांबून घागऱ्यासारखा दिसतो, आत दोन पाय वेगळे असतात. कपडे बदलायच्या खोलीत मी घाईघाईने तो चढवला, पुढच्या नाड्या मागे, मागच्या पुढे, गाठ नेमकी बेंबीखाली. आरशात पाहिलं तर छाती आपोआप पुढे आली. रुबाबात दाराकडे पाऊल टाकलं आणि ते पडलंच नाही. माझे दोन्ही पाय हाकामाच्या एकाच पायात गेले होते. दुसरा पाय रिकामा, बाजूला लोंबत होता. मी ससुल्यासारख्या दोन उड्या मारल्या आणि चपलांच्या मांडणीला धरून उभा राहिलो. शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा आपली नाडी बांधत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, फक्त आपला एक पाय उचलून दाखवला. मग दुसरा.

दुसरा अडथळा म्यानाचा. तलवार कमरेला डावीकडे, धार आकाशाकडे, आणि म्यानाचं टोक मागे हातभर बाहेर. मालकाला ते दिसत नाही. “सेन्सेई, हे बरोबर आहे का?” असं शिकवणाऱ्या गुरुजींना विचारायला मी वळलो आणि मागे ठक्क आवाज झाला. माझं म्यान एका शाळकरी मुलीच्या म्यानावर आपटलं होतं. जुन्या काळी रस्त्यात असं म्यानाला म्यान लागलं की तो अपमान समजत आणि तिथेच तलवारी निघत. काबुकी नाटकांत त्यावर अख्खा प्रवेश आहे. मी माफी मागायला वाकलो. वाकल्यावर म्यानाचं टोक वर गेलं आणि मागच्या आजोबांच्या हनुवटीखाली थांबलं.

तलवार खरी नसतेच. बांबूच्या पात्याला चंदेरी वर्ख, नाहीतर हलक्या धातूचं बोथट पातं. मला बांबूची मिळाली. शिकवणारे सेन्सेई सत्तरीचे, काटकुळे, टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत उभं आयुष्य घालवलेले. या मालिकांची इकडे मोठी परंपरा. ‘मितो कोमोन’ एकटीच 1969 ते 2011 चालली. सेन्सेईंनी मला चालायला लावलं, बसायला लावलं, उठायला लावलं. उठायला जरा वेळ गेला. मग त्यांनी अगदी आदराने निकाल दिला, “तुमचं वय आणि पोट पाहता, तुम्ही मराल.”

तातेत दोनच जाती. मध्यभागी उभा राहून मारतो तो ‘शिन’, म्हणजे गाभा. आणि चहूबाजूंनी त्याच्यावर धावून जाऊन मरतात ते ‘कारामी’. मी जन्मभर शिनकडे पाहत आलो होतो, तुम्हीही तेच करता. पण वर्गात लक्षात आलं की शिनला फारसं काही करावं लागत नाही. तलवार ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी फिरवायची. ती लागली असं प्रेक्षकाला वाटतं ते मरणाऱ्यामुळे. तो अर्धा क्षण लवकर पडला की हसू होतं, उशिरा पडला की शिन मूर्ख दिसतो. पडायचं ते पुढच्या कारामीच्या वाटेत नाही, प्रेक्षकांकडे पाय करून नाही, आणि पडल्यावर श्वास दिसता कामा नये. अझुमीतली ती पोरगी थोर, पण त्या दोनशे जणांना रांगेत, न चुकता, एकमेकांच्या अंगावर न पडता मरायचं होतं. त्यांच्या पगाराची चौकशी कुणी केली आहे का?

या कलेतला शिखरपुरुष सेइझो फुकुमोतो. जन्म 1943, पंधराव्या वर्षी क्योतोच्या तोएइ स्टुडिओत आला आणि पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ मरतच राहिला. पन्नास हजार वेळा मेला असं म्हणतात. ‘द लास्ट सामुराई’त टॉम क्रूझच्या मागे न बोलता उभा असतो, तो हाच. नायक म्हणून पहिला सिनेमा मिळाला 2014 साली, सत्तरी उलटल्यावर. ‘उझुमासा लाइमलाइट’, आणि त्यातही काम एका म्हाताऱ्या कारामीचंच. त्याचं खास मरण म्हणजे ‘एबी-झोरी’. घाव बसला की सबंध शरीर कोळंबीसारखं मागे वळतं, छाती छताकडे, डोकं जमिनीकडे, क्षणभर तसाच थरथरतो आणि मग कोसळतो. कारण त्यामुळे चेहरा कॅमेऱ्यात येतो. मेल्यावर तरी चेहरा दिसावा, ही माफक अपेक्षा मला एकदम पटली.

मी घरी पलंगासमोर एबी-झोरी केली. कोळंबी मागे गेली. परत आली नाही.

“अहो, हलू नका,” बायको म्हणाली आणि माझ्या पाठीवर सालोनपासच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवत गेली. लेकीने फोटो काढून साताऱ्याला पाठवला. आईचा फोन आला, की तिकडे कामाचा फार ताण आहे का.

सत्राच्या शेवटी सादरीकरण होतं. शिन होती तीच म्यानवाली मुलगी, कॉलेजच्या उंबरठ्यावरची. मारण्यात तरबेज, पण स्वभावाने इतकी मऊ की सरावात प्रत्येक वेळी मला कापून झाल्यावर थांबायची, वाकायची आणि “माफ करा हं” म्हणायची. मला पोटात एक घाव, मग पाठीत एक, आणि डावीकडे कोसळायचं, एवढंच काम होतं. कोळंबीला सेन्सेईंनी सक्त मनाई केली होती.

बायको, लेक आणि इमारतीतली दोन मराठी कुटुंबं पहिल्या रांगेत. शामिसेनची ध्वनिफीत लागली. मी किंकाळी फोडत धावलो, ती छान झाली. पोटात घाव, छान. पाठीत घाव, छान. डावीकडे कोसळलो, आणि पोटरीत पेटका आला. जमिनीवर पडल्या पडल्या माझा पाय आपोआप वर जाऊ लागला. मी तो दाबून धरला, म्हणजे एक मेलेला माणूस उठून बसला आणि आपली पोटरी चोळू लागला. “आई गं” हे मी मराठीत म्हणालो, त्यामुळे ते फक्त पहिल्या रांगेला कळलं, आणि पहिली रांग फुटली.

मुलगी थांबली नाही. पुढच्या दोघांना उडवून ती गर्रकन वळली, माझ्यापर्यंत आली आणि कुठल्याही सरावात नसलेला एक स्वच्छ, आडवा घाव माझ्या मानेवर घातला. मग, सवयच ती, किंचित वाकली. मी मेलो. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

सेन्सेई नंतर भेटले. रागावले नव्हते. पुढच्या सत्रात माझ्यासाठी त्यांनी खास जागा काढली आहे : पडदा उघडतो तेव्हा रस्त्यात एक माणूस आधीच मरून पडलेला असतो, आणि शेवटपर्यंत चटईने झाकलेला राहतो. मी हे घरी सांगितलं. बायकोने चहा गाळता गाळता विचारलं, “आणि फी तेवढीच?”