तेहतीस वर्षांची बचत

(रंगमंचावर एक पोडियम; त्यावर कॅल्क्युलेटर, पाण्याचा पेला आणि तेलंगणातील निर्मल गावच्या कारागिरांनी रंगवलेला लाकडी आंबा. बंद गळ्याच्या कोटातील निवेदक चष्मा सावरतात आणि विद्यापीठात प्रबंध वाचावा तशा सुरात बोलू लागतात. प्रयोग संपेपर्यंत ते एकदाही हसत नाहीत.)

हायब्रिड मोटार म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांना एकाच बॉनेटखाली नांदवणारे वाहन होय. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा ते बॅटरीत साठवते आणि सिग्नल सुटल्यावर तीच वापरून इंजिनाला घटकाभर विश्रांती देते. या व्याख्येतील ‘सिग्नल’ हा शब्द निर्मलच्या अभ्यासकाने अधोरेखित करावा. हैदराबादच्या तुंबलेल्या रहदारीत हे तंत्र खरोखर पेट्रोल वाचवते; परंतु निर्मलचा गृहस्थ गाडी बाहेर काढतो तीच मुळी राष्ट्रीय महामार्ग 44 गाठण्यासाठी, जेथे इंजिन अखंड चालू राहते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो आणि बॅटरी बव्हंशी वजन म्हणून सोबत येते.

(आंबा उचलून प्रेक्षकांना दाखवतात.)

जाहीर मायलेज हे या आंब्यासारखे असते: रंग अस्सल, देठ अस्सल, फक्त रस निघत नाही. हा आकडा प्रयोगशाळेत चाके रोलरवर फिरवून आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. मे महिन्यात निर्मलमध्ये एसी बंद ठेवून गाडी चालवणाऱ्याचे पेट्रोल वाचेल, परंतु तो स्वतः वाचेल की नाही, यावर संशोधन झालेले नाही. तथापि वादापुरते हे आकडे खरे मानू.

(कॅल्क्युलेटर पुढे ओढतात.)

सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा हायब्रिडचे जाहीर मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर होते आणि एक्स-शोरूम किंमत 17 लाख 99 हजारांपासून पुढे. 2024 ची नवी स्विफ्ट लिटरला 24.80 किलोमीटर धावते आणि किंमत दहा लाखांच्या आत. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवल्यास हायब्रिड सुमारे 46 लिटर वाचवते. लिटरला 107 रुपये धरल्यास ही बचत 4,900 रुपयांच्या आसपास जाते. मधला किमान आठ लाखांचा फरक भरून निघण्यास म्हणून 163 वर्षे लागतात. (पाणी पितात.) त्यातच सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, तर चार मीटरहून लांब आणि 1,200 सीसीहून मोठ्या इंजिनाच्या या हायब्रिडवर 40 टक्के.

स्विफ्ट लहान आहे, तेव्हा ही तुलना अन्यायाची, असा आक्षेप शोरूममधील विद्वान घेतात. तो मान्य करून त्याच ग्रँड विटाराची साधी आवृत्ती घेतली, तर तिचे मायलेज 21.11, किंमत तेव्हा 13 लाख 89 हजार, म्हणजे फरक 4 लाख 10 हजारांचा, ज्यात ऑटोमॅटिक गिअर आणि काही चैनीच्या वस्तूही येतात. वर्षाला बचत 12,400 आणि वसुलीस तेहतीस वर्षे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे वसुलीच्या आनंदासाठी गृहस्थाला आरटीओच्या पायऱ्या निदान चार वेळा चढाव्या लागतात.

येथे त्या गृहस्थाला एक शोध लागतो: जितके जास्त फिरावे तितकी जास्त बचत. तो भाजीला मंडईत गाडी नेतो, वसंतपंचमीला गाठावयाचे सरस्वतीचे बासर दर शुक्रवारी गाठतो, आणि उतारावर बॅटरी भरते असे वाचल्यापासून महबूब घाट केवळ उतरण्यासाठी चढतो. चढताना जळालेले पेट्रोल हिशेबाच्या वहीत येत नाही, कारण तो रकाना त्याने आखलेलाच नाही.

(पदर खोचल्याचा अभिनय करून, बदललेल्या आवाजात.) “अहो, तेच चार लाख दहा हजार बँकेत ठेवले असते, तर सहा टक्क्यांनी वर्षाला चोवीस हजार सहाशे आले असते!” (पुन्हा मूळ सुरात.) म्हणजे बचतीच्या जवळजवळ दुप्पट. या युक्तिवादाला वाहनशास्त्रात अद्याप उत्तर सापडलेले नाही. रोज शहरभर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याचे गणित अर्थातच वेगळे, कारण त्याचे दहा हजार किलोमीटर दोन-तीन महिन्यांत संपतात. पण गृहस्थाला टॅक्सीवाला म्हटलेले चालत नाही.

तरीही गृहस्थाने हायब्रिडच घेतली होती. कारण पेट्रोल नसून भैंसा गावचे व्याही होते, ज्यांच्या दारात साध्या गाडीतून उतरणे त्याला मानवत नव्हते. परंतु मंद वेगात ही गाडी विजेवर, जवळजवळ निःशब्द चालते; परिणामी ती व्याह्यांच्या दारात उभी राहिली तरी कोणी खिडकीशी येत नाही. म्हणून तो हॉर्न वाजवतो, दीर्घ, तीनदा, आणि हॉर्नला पेट्रोल लागत नाही, ही नोंद बचतीच्या रकान्यात करून मगच दार उघडतो.

(निवेदक कॅल्क्युलेटर खिशात घालतात, पोडियमखालून हॉर्न काढून तीनदा वाजवतात आणि विंगेत जातात.)