गाडीत प्रवासी आहेत

साळवीला तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्याचं आडनाव वेगळं असेल, एवढंच. वय चौपन्न, बँकेत नोकरी, गुडघ्याचं नुकतंच सुरू झालेलं, आणि जेवून हात कोरडे व्हायच्या आत मोबाईल आडवा. उभा मोबाईल धरलेल्या माणसाशी निदान बोलता तरी येतं. आडवा धरला की तो माणूस त्या दिवसापुरता आपल्यातून गेला असं समजावं.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री नऊला आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप जळला. साळवी सेक्रेटरी, पंपाच्या खोलीची चावी त्याच्याकडे. मी त्याची बेल वाजवली, वहिनींनी दार उघडलं. साळवी सोफ्यावर होता, पण सोफ्यावर बसलेला म्हणता येणार नाही. मोबाईल दोन्ही हातांत ताटासारखा धरून तो सबंध डावीकडे कलला होता. एक खांदा वर, एक खाली, जिभेचं टोक ओठाबाहेर. मग हळूहळू सरळ झाला. मग उजवीकडे कलला. तेवढ्यात आतून भांड्यावर दोनदा टण् टण् वाजलं. मला वाटलं, काहीतरी पडलं.

"पंप जळलाय. चावी दे," मी म्हणालो.

मान वर न करता साळवी म्हणाला, "दहा मिनिटं थांब. गाडीत प्रवासी आहेत."

सहा मजल्यांच्या नळांना पाणी नाही, जिन्यात चौदा माणसं बादल्या घेऊन उभी, आणि ह्याच्या गाडीत प्रवासी आहेत!

ही गाडी म्हणजे 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा गेम. इंडोनेशियातल्याच मालेओ नावाच्या कंपनीने तो 2017 मध्ये काढला. ह्यात मारामारी नाही, बंदुका नाहीत, राक्षस नाहीत. बस घ्यायची, स्टँडवर लावायची, प्रवासी चढवायचे आणि दुसऱ्या गावाला नेऊन उतरवायचे. बस्स. जे काम करण्याबद्दल एसटीचा ड्रायव्हर पगार मागतो, तेच साळवी फुकट करतो, वर डेटा स्वतःचा. तिकडेही आपल्यासारखीच वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे त्याला जड जात नाही. आणि हा गेम आपल्या पोरांच्याही हाती लागलाय. कुणीतरी घरबसल्या आपल्या लालपरीचा रंग बनवून ठेवलाय, तो बसला चढवता येतो. तेव्हा साळवीची गाडी जावा बेटावर धावते, पण अंगावर एसटीचा लाल रंग आणि कपाळावर पाटी 'चिपळूण – कराड'. त्या पाटीखालून ती सुराबायाहून मलंगला जाते.

मलंग हे तिकडचं मोठं शहर आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आधी वर्षभर साळवी "आज मलंगला जाऊन आलो" म्हणायचा आणि आम्ही डोंबिवलीकर समजायचो, कल्याणजवळचा मलंगगड. गुडघे दुखत असताना माणूस दर आठवड्याला गड चढतो म्हणून आमच्या सोसायटीने त्याचा सत्कार करायचा ठराव जवळजवळ मंजूर केला होता.

ओंकाराचंही तसंच. तिकडच्या बसचे हॉर्न गाणारे असतात. रस्त्याकडेची पोरं ड्रायव्हरला ओरडून सांगतात, "ओम, टेलोलेट, ओम!" ओम म्हणजे त्यांच्या भाषेत काका, टेलोलेट म्हणजे हॉर्नचा आवाज. काका, हॉर्न वाजवा ना काका! 2016 च्या डिसेंबरात हे वेड जगभर पसरलं होतं. साळवी हॉर्न स्वतः दाबतो आणि पोरांच्या वतीने ओरडतोही स्वतःच. शेजारच्या जोशीकाकूंनी भिंतीपलीकडून रोज रात्री "ओम... ओम..." ऐकलं आणि वहिनींना म्हणाल्या, "तुमचे मिस्टर अध्यात्माकडे वळले, भाग्यवान आहात हो!" वहिनी काय बोलणार? हो म्हणाल्या.

प्रवाशांचा मात्र इलाज नव्हता. जोशीकाकूंच्या सत्यनारायणाला साळवी तीर्थाला आला नाही. गाडीत प्रवासी आहेत. त्याच्या साहेबांचा फोन आला, उचलला नाही. गाडीत प्रवासी आहेत. सख्ख्या मेव्हण्याने कल्याण स्टेशनवरून फोन केला की रिक्षा मिळत नाही, न्यायला ये. तेव्हा तर वहिनींनीच सांगितलं, "ह्यांच्या गाडीत प्रवासी आहेत." मेव्हणा चिडला नाही, घाबरला. भावोजींची नोकरी गेली आणि ते वडापची जीप चालवतात, अशी बातमी त्याने साताऱ्यापर्यंत पोचवली.

बरं, हे प्रवासी गेममध्ये जेवढे दिसतात तेवढेच नसतात. एसटीत बसतात तेवढे साळवी आपल्या मनाने बसवतो, वर अकरा उभे. आणि त्यांची हळूहळू माहिती मिळू लागते. एकदा मी म्हटलं, "अरे, बंद कर आणि जेवायला चल, काय होणार आहे?" तर म्हणाला, "मागच्या सीटवर एक बाई आहे, तान्हं मूल घेऊन. तिला रात्री कुठे उतरवू?" दुसऱ्यांदा कराडच्या हायस्कुलातले एक गुरुजी निघाले, त्यांची पुढची गाडी चुकणार होती. मलंगला! कराडचे गुरुजी!

सकाळच्या लोकलमध्ये तर आणखी धोका. डोंबिवलीची फास्ट, चौथी सीट, म्हणजे अर्धं बूड हवेत. त्यात साळवीची बस वळणावर आली की तो वळतो. त्याच्याबरोबर तिसरा वळतो, दुसरा वळतो, आणि खिडकीतला काचेला चिकटतो. मुंब्र्यापर्यंत सगळी बाकडं जावा बेट करून येतात.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने एकदा त्याला समोर बसवून सांगितलं, "काका, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीची कामं मागे पडतात, आणि हे साधारण बारा महिने चाललं तर..."

"बारा महिने?" साळवी म्हणाला. "माझी सर्व्हिस सहा वर्षांची आहे." मग थोडा विचार करून त्याने विचारलं, "ह्याच्यावर मेडिकल लीव्ह मिळते का गं?"

मी तिच्या मदतीला धावलो. म्हटलं, मोठ्या माणसाने रोज अडीच तास असे घालवणं शोभतं का? साळवीने मोबाईल पालथा ठेवला. ही गोष्ट अतिशय गंभीर प्रसंगीच घडते.

"तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटर कधी आले?" त्याने विचारलं.

"सत्त्याण्णवला."

"त्यावर तू पहिलं काय शिकलास?"

मी गप्प. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. 1990 मध्ये विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला, लोकांच्या हाताला माऊसची सवय व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता म्हणतात. माझ्या हाताला ती सवय पंचवीस वर्षं होत होती. पत्ता उचल, पत्ता ठेव. मध्ये साहेब आले की खिडकी खाली. "तू सरकारी पगारावर खेळलास," साळवी म्हणाला, "मी माझ्या वेळात खेळतो. आणि तुझ्या गाडीत प्रवासी पण नव्हते."

ह्याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी उठलो, पण घरी येऊन हिशेब केला. बातम्यांच्या वाहिनीवर आठ माणसांची भांडणं मी रोज तासभर बघतो. त्यानंतर व्हॉट्सॲपवर पाऊण तास त्याच भांडणात भाग घेतो. झोपताना माझं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं. साळवी मलंगहून परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दमलेल्या माणसाचं समाधान असतं, हे मला बघवत नाही, हे खरं कारण आहे.

आणि एक विचित्र गोष्ट. साळवीला गाडी येत नाही. कसलीच. चारचाकी सोडा, स्कूटरसुद्धा नाही. लायसन्स काढलंच नाही. हे मी त्याला एकदा टोमणा म्हणून बोललो, तर तो हसला नाही.

त्याचे वडील, नाना, चिपळूण डेपोला ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटातून कराडची गाडी. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला साळवीच्या शोकेसमध्ये आहे, चांदीच्या वाट्यांच्या पुढे. साळवी बारा वर्षांचा असताना डेपोत उभ्या गाडीच्या सीटवर चढून बसला होता. ते भलंमोठं स्टिअरिंग, दोन्ही हात पसरले तरी कवेत येईना. नानांनी खाली ओढून एक कानाखाली दिली आणि म्हणाले, "एका घरात एकच ड्रायव्हर पुरे. तू शीक." साळवी शिकला. बँकेत लागला. गाडीला त्यानंतर हात लावला नाही.

आई गेल्यावर, लॉकडाऊनच्या वर्षी, नाना डोंबिवलीला राहायला आले. हळूहळू विसरायला लागले. पहाटे पाचला उठून शर्ट घालायचे आणि ड्युटी विचारायचे. साळवीच्या मुलाने गंमत म्हणून आजोबांना हा गेम दाखवला, आणि रात्री आठला साळवीच्या शेजारी नाना बसू लागले. ते चालवायचे नाहीत, चुका काढायचे.

"गिअर कुठाय?"

"आपोआप पडतो, नाना."

"मग ड्रायव्हर कशाला ठेवलाय?" आणि उतार आला की, "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर." साळवी म्हणायचा, हो. डबल बेल झाल्याशिवाय नाना गाडी हलवू द्यायचे नाहीत. गेममध्ये कंडक्टर नाही. मग वहिनी स्वयंपाकघरातून कढईवर उलथनं दोनदा वाजवायच्या.

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. बाकी सगळं विसरलेल्या नानांना हे टीव्हीवर बघून बरोबर समजलं. त्या रात्री साळवीने लाल गाडी काढली तर म्हातारा कडाडला, "संपात गाडी काढतोस? माझ्या घरात?" दोन दिवस बोलले नाहीत. एप्रिलमध्ये संप मिटेपर्यंत साळवीने जावाची निळी बस चालवली.

नाना 2023 च्या जानेवारीत गेले. ड्युटी बंद झाली नाही. साळवी अजून घाटात ओव्हरटेक करत नाही, आणि सहा वर्षांत त्याने गाडी कुठे घासलेली नाही. ह्या गेमवाल्यांनी त्याला बिल्ला द्यायला हरकत नाही, पण मी हे त्याला बोलून दाखवणार नाही, डोक्यावर बसेल. एवढंच सांगतो की परवा वहिनी माहेरी गेल्या होत्या, आणि कढईवर उलथनं दोनदा वाजवायला मी खाली गेलो होतो.

तेव्हा साळवीकडे कुणाचं काही काम असेल तर रात्री साडेदहानंतर फोन करा. मलंगची गाडी तेव्हा पोचते.