चार कार्डांचे अण्णा

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत, जुलैत कुठल्याही सीएच्या पायरीवर अण्णा सापडतातच. काखेत कापडदुकानाची पिशवी, पिशवीत फाइल आणि फाइलमध्ये आजारपणाचे चार आधार: मुलाच्या पुण्यातल्या कंपनीचं ग्रुप कव्हर, स्वतःची तीन लाखांची पॉलिसी, महात्मा फुले योजनेसाठी लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड आणि सत्तरी उलटताच हौसेनं काढलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड. अण्णांचा हिशेब सातबाऱ्याचा. चार गटांतले गुंठे बेरजेला येतात, मग चार कव्हरं का येऊ नयेत? गफलत इथंच होते. विमा म्हणजे जमीन नव्हे, भरपाई. मिरजेच्या दवाखान्यात सव्वा लाखाचं बिल झालं, तर चारही कार्डं मिळून सव्वा लाखच फेडणार; वर नफा उरत नाही.

करातही तेच. ज्येष्ठांच्या हप्त्यावर ८०डी खाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे खरी, पण ती हप्ता भरणाऱ्याला. पैसे मुलाच्या खात्यातून गेले आणि पावतीवर नाव अण्णांचं, म्हणून तोच हप्ता दोघांनी दाखवायचा, हे चालत नाही. रोख भरलेला हप्ताही चालत नाही. कंपनीनं भरलेला तर बापाचा नाही आणि लेकाचाही नाही. सरकारी कार्डाला हप्ताच नाही, मग वजावट कशाची मागायची? आणि खरी मौज पुढंच आहे: ज्या ज्येष्ठाचा विमाच नाही, त्याची औषधपाण्याची बिलं त्याच ५०,००० च्या मर्यादेत धरली जातात. शेजारचे बिनविम्याचे तात्या म्हणूनच अण्णांना खुपतात.

मग अण्णा खुळे म्हणायचे का? तसं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. फुले योजना २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना पाच लाखांपर्यंत खुली झाली, पण यादीतल्या उपचारांसाठी आणि यादीतल्याच रुग्णालयांत. मुलानं नोकरी बदलली की ग्रुप कव्हर गेलं. वय वंदना खासगी पॉलिसी असतानाही मिळतं, पण तिथंही रुग्णालयांची यादी आहेच. एक आधार निसटला तर दुसरा हाताशी हवा, ही अण्णांची धास्ती शहाणपणाचीच. चुकते ती फक्त बेरीज.

ती सीए दोन मिनिटांत मोडतो. पेन्शन सहा लाख, नवी करप्रणाली आपोआप लागू, २०२५-२६ पासून तीत बारा लाखांपर्यंत कर शून्य, आणि ८०डी तिथं मुळी नाहीच. शून्य ऐकून अण्णांचा चेहरा पडतो. पावती उलटसुलट करत ते विचारतात, "मग ही लावायची कुठं?"