विमानराव

डब्लिनच्या पश्चिमेला ल्युकन, ॲडम्सटाउन, ब्लँचर्ड्सटाउन या पट्ट्यात मराठी घरं बरीच. गणपतीत मोदकाची पिठी कोणाकडे उरलीय, हे तिथं व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत कळतं. हल्ली याच घरांतून एक नवा इसम आढळू लागला आहे. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी आयटीत, मूळ गाव सांगली नाहीतर नाशिक, आणि बॅगेत एक किंडल. त्या किंडलच्या कोपऱ्यातलं विमानाचं चिन्ह बारा महिने तेरा काळ तसंच असतं. म्हणून त्याला आपण विमानराव म्हणू.

विमानरावांचं किंडल ‘जेलब्रेक’ केलेलं आहे. ॲमेझॉनने घातलेली कुलपं काढून त्यांनी त्यात स्वतःला हवे ते प्रोग्राम बसवलेत. हे ते पहिल्या भेटीतच सांगतात. दुसऱ्या भेटीत फर्मवेअरचा, म्हणजे किंडलच्या मूळ प्रणालीच्या आवृत्तीचा, आकडा सांगतात. पाहुण्याने सहज विचारावं, “सध्या काय चाललंय वाचन?” तर उत्तर येतं, “5.17.1.”

या आकड्याला इतिहास आहे. 1 जानेवारी 2025 रोजी ‘विंटरब्रेक’ नावाची युक्ती बाहेर आली. काही फाइली किंडलमध्ये टाकायच्या आणि मग किंडलवरचं ॲमेझॉनचं दुकान उघडायचं. दुकानाच्याच दारातून आत शिरायचं. पुढे 5.18.1 या आवृत्तीने ती फट बुजवली. तोवर काहीच न केलेल्या आणि रात्रीतून परस्पर अपडेट झालेल्या मंडळींनी हळहळण्यापलीकडे काही केलं नाही. ज्यांचं किंडल महिनोन्‌महिने चार्जिंगविना कपाटात पडलेलं होतं, ते तरले. विमानराव या कपाटवाल्यांपैकी. “मी मुद्दामच थांबलो होतो,” असं ते आता सांगतात.

तेव्हापासून त्यांना एकच धास्ती. किंडल वायफायवर आलं की गुपचूप नवी आवृत्ती उतरवून घेतं आणि झोपलेलं असताना बसवूनही टाकतं. एकदा पुढे गेलं की मागे यायला सहसा वाट नसते. म्हणून विमानरावांचा बंदोबस्त तिहेरी आहे. विमान मोड तर आहेच. त्याखाली, अपडेट बसवणाऱ्या प्रोग्रामचं नाव बदलून शेपटीला ‘बीसीके’ लावलेलं आहे, म्हणजे किंडलने हाक मारली तरी ओ द्यायला कोणी नाही. आणि तिसरा जुन्या जाणत्यांचा उपाय. अपडेट उतरवताना किंडल ‘अपडेट.बिन.टीएमपी.पार्शियल’ नावाची फाइल तयार करतं. विमानरावांनी त्याच नावाचं एक रिकामं फोल्डर आधीच करून ठेवलंय. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं. जागा धरलेली, फाइलीला बसायला वाव नाही.

मध्यंतरी एक चौथा उपायही होता. किंडलची साठवण निरर्थक फाइलींनी इतकी भरून टाकायची की अपडेट मावूच नये. तो त्यांनी दिवाळीत काढून टाकला, कारण स्कॅन केलेला दिवाळी अंकही मावेना.

दिवाळी अंकांवरून आठवलं, हा सगळा खटाटोप सुरू झाला तो मराठीपायीच, आणि इथं विमानरावांची बाजू भक्कम आहे. डिसेंबर 2016 मध्ये ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली हे खरं. पण विमानरावांना हवं असलेलं बरंचसं मराठी वाङ्मय आजही पीडीएफमध्ये आहे, आणि सहा इंची पडद्यावर पीडीएफचं अख्खं पान म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांची सोय. ‘केओरीडर’ हा फुकटचा प्रोग्राम त्या पानातली शब्दांची चित्रं कापून, मोठी करून, नव्याने ओळी लावतो. तो किंडलवर बसवायचा तर आधी कुलूप काढावं लागतं. सरकारी वाचनालयाकडे वळावं, तर आयर्लंडची वाचनालयं ई-पुस्तकं ‘बॉरोबॉक्स’वरून देतात आणि ती किंडलवर उघडत नाहीत. विमानरावांच्या सौ. यावर साधा तोडगा काढतात: वाचनालयात जाऊन कागदी पुस्तक आणतात. जानेवारी 2019 पासून तिथं उशिराचा दंडही नाही.

विमानरावांचा ॲमेझॉनवरचा राग निव्वळ विक्षिप्तपणा नव्हे. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली. पुस्तकं विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते आणि पैसे परत दिले, हे मान्य. जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाची टिपणं त्यात निकामी झाली आणि तो कोर्टात गेला. मग 26 फेब्रुवारी 2025 पासून घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये घालायची सोयही बंद झाली. विमानरावांना या तारखा तोंडपाठ आहेत. लग्नाची तारीख विचारू नये.

पाहुणे डब्लिन बघायला आले की विमानराव त्यांना डॉसन स्ट्रीटवर रॉयल आयरिश अकादमीपाशी नेतात. तिथं ‘कथाख’ नावाची स्तोत्रांची अतिप्राचीन हस्तलिखित पोथी जपलेली आहे. आख्यायिका अशी की सहाव्या शतकात संत कोलम किलने आपल्या गुरूची पोथी रात्री चोरून उतरवून घेतली, तंटा राजाकडे गेला, आणि राजाने निवाडा दिला की गाय ज्याची त्याचं वासरू, तशी पोथी ज्याची त्याचीच नक्कल. त्यावरून पुढे लढाई जुंपली म्हणतात. फुटपाथवर उभं राहून हे सांगताना विमानरावांचा आवाज चढतो. पोथी बघायची राहून जाते.

आता गंमत बघा. हेच विमानराव ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर अपडेट ढकलतात. ‘आज सहाच्या आत लॅपटॉप रीस्टार्ट करा, अन्यथा आपोआप होईल’ हे पत्र त्यांच्याच सहीने जातं. शिवाय ज्या ॲमेझॉनला चुकवायचं, तिच्या क्लाउडचं अमेरिकेबाहेरचं पहिलं केंद्र 2007 मध्ये आयर्लंडमध्येच उघडलं. 2024 मध्ये देशातली मीटरवर मोजलेली 22 टक्के वीज निरनिराळ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरांनीच खाल्ली. म्हणजे शत्रूच्या अंगणातच बिऱ्हाड.

सौ. इस्पितळात नोकरीला. 14 मे 2021 च्या सकाळी आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी कित्येक दिवस कागदावर पेनने नोंदी केल्या. हल्लेखोर आत शिरले ते मेलमधून आलेल्या एका एक्सेल फाइलीतून. पण नंतरच्या चौकशी अहवालात हेही निघालं की तिथली तीस हजारांवर यंत्रं मुदत संपलेल्या विंडोज 7 वर चालत होती. अपडेटचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणतात, “तीस हजार.” विमानराव म्हणतात, “19 जुलै 2024.” त्या दिवशी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं आडवी केली होती. मग भाजी कोण चिरणार हा विषय निघतो.

कसोटीचा प्रसंग आला तो आई सांगलीहून आल्यावर. अक्षरं मोठी दिसतात म्हणून त्यांनी किंडल हातात घेतलं, आणि इकडेतिकडे बोट लावता लावता विमान बंद झालं. “अरे, ते विमान गेलं बघ कुठंतरी,” त्या म्हणाल्या. विमानराव अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले आणि त्यांनी थेट राउटरची पिन उपटली. वरच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन तबल्याचा क्लास चालू होता. पुण्याचे गुरुजी ‘धिरधिर’वरच थिजले. खरं तर नाव बदललेला प्रोग्राम होता, फोल्डर होतं, वायफायचा पासवर्डही किंडलमध्ये साठवलेला नव्हता. काहीही होणार नव्हतं. पण सेटिंग्जमध्ये जाऊन 5.17.1 हा आकडा डोळ्यांनी बघेपर्यंत त्यांनी गालावरचा फेस पुसला नाही.

मार्च 2016 ची गोष्ट मात्र विमानराव आपण होऊन काढत नाहीत. तेव्हा ॲमेझॉनने 2012 आणि त्याआधीच्या किंडलवाल्यांना कळवलं होतं की 22 मार्चच्या आत अपडेट करा, नाहीतर यंत्राला इंटरनेटवरून आमच्यापर्यंत पोचता येणार नाही. ज्यांनी केलं नाही त्यांना नंतर फाइल कॉम्प्युटरवर उतरवून केबलने हातानेच बसवावी लागली. “मला कुठं पोचायचंय त्यांच्यापर्यंत?” असं विमानराव म्हणतात, आणि तेही खोटं नाही.

तेव्हा ॲडम्सटाउनकडे कोणाच्या घरी चहाला गेलात आणि वायफायचा पासवर्ड मागायची वेळ आली, तर तो फोनसाठी हवाय हे आधी स्पष्ट सांगा, आणि टेबलावरच्या किंडलला हात लावू नका.