आमच्या दिवाणखान्यातलं आरमार

पुण्याला समुद्र नाही, पण त्यावाचून पुणेकराचं कधी काही अडलेलं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आम्ही झेड ब्रिजच्या कठड्याला टेकून, किती क्युसेक सोडायला हवं होतं यावर नौदलप्रमुखाच्या थाटात बोलतो. माझा स्वतःचा समुद्राचा अनुभव म्हणाल तर जंजिऱ्याला जाताना शिडाच्या होडीत काढलेली काही मिनिटं. तेवढा वेळ मी दोन्ही हातांनी नावाड्याचा दंड धरून होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, सुकाणू तरी धरू द्या."

असा हा दर्यावर्दी एका रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेला. निमित्त टेबलफॅनच्या पात्याचं. पितळी कुलुपं, मुके रेडिओ आणि एकेकटे बूट ओलांडत मी पात्यांच्या ढिगाजवळ पोचलो आणि त्या ढिगाला टेकून ठेवलेलं चित्र दिसलं. फुगलेली शिडं, तोफांचा धूर, मागे किल्ला, एका बाजूला आगीचा लोळ. कागद पिवळा पडलेला, काचेचा कोपरा उडालेला. माझ्या अंगावर काटा आला.

"हे काय आहे?"

"चित्र."

"जुनं आहे?"

"जुनं आहे, साहेब."

विक्रेता बोलला ते एवढंच, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं सगळं मी बोललो. "हे कान्होजी आंग्र्यांचं आरमार दिसतंय!" तो म्हणाला, "असेल." मी म्हणालो, "तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलंय, अडीचशे वर्षांपूर्वीचं." तो म्हणाला, "तुम्हाला जास्त कळतं." हे वाक्य ऐकून आजवर एकही पुणेकर रिकाम्या हाताने परतलेला नाही. त्याने चार हजार सांगितले, मी घासाघीस करून 1800 वर आणले आणि लूट घेऊन घरी आलो.

"पातं कुठाय?" हिने विचारलं.

"अगं, हा इतिहास आहे!"

"बरं. मग आता इतिहासाचा वारा घ्या."

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने जुनी चौकट उचकटली आणि म्हणाला, "साहेब, खालची पट्टी मागे दुमडलीय. त्यावर काहीतरी छापलंय. उलगडू का?" मी तुच्छतेने हसलो. छापणारा इंग्रज, त्यामुळे खाली काय लिहिलेलं असणार ते मला ठाऊक होतं. आंग्र्यांना ते चाचेच म्हणायचे. शत्रूची ओळ आपल्या भिंतीवर कशाला? "झाका," मी म्हणालो. सोनेरी कड आणि मऊ पांढरा माउंट मिळून 1400 रुपये झाले.

पुढच्या रविवारी सोसायटीतल्या निवडक मंडळींना चहा-पोह्यांना बोलावलं. हाताशी छडी नव्हती म्हणून लाटणं घेतलं. कान्होजींचा मृत्यू 1729 चा, 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले, इथपर्यंत माझं व्याख्यान बिनचूक होतं. मग मी चित्राकडे वळलो. "ही मोठी, उंच, डौलदार जहाजं आपली," लाटणं फिरवत मी म्हणालो, "आणि हे खाडीत कोपऱ्यात पेटलंय ते इंग्रजांचं." टाळ्या पडल्या. एका वहिनींनी भिंतीपुढे सेल्फी काढला.

तिसऱ्या मजल्यावरचे नाना मात्र गप्प होते. नानांनी उभं आयुष्य भारत इतिहास संशोधक मंडळात कागद चाळण्यात घालवलेलं. पोह्यांची दुसरी बशी संपेपर्यंत ते बोलत नाहीत, आणि संपल्यावर थांबत नाहीत.

"ही मोठी जहाजं कुणाची म्हणालास?"

"आपली."

"तीन-तीन डोलकाठ्या, तोफांचे दोन-दोन मजले. आपली?"

मी लाटणं खाली घेतलं.

"आपली गुराब कशी असते? नाळ पक्ष्याच्या चोचीसारखी पुढे निघालेली, बसकी. त्या चोचीवरून समोर मारा करायच्या तोफा. आणि गलबत म्हणजे लहान, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं धूड जागच्या जागी डुलत राही. मग गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला नेत, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. ते डावपेच या चित्रात कुठे आहेत?"

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं. हा माणूस पोहे खायला भिंग घेऊन आला होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. "तांब्याच्या पत्र्यावरचा ठसा असेल तर रेघा दिसतात. पत्रा दाबल्याची चौकट कागदात उमटते, बोट फिरवलं की लागते. तू इथे बघ."

मी पाहिलं. आंग्र्यांच्या समुद्रात निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ओळीने उभे होते. रोजच्या पेपरातल्या साबणाच्या जाहिरातीत असतात तेच.

"ऑफसेट," नाना म्हणाले. "सुरी आण."

1400 रुपयांची फ्रेम जेवणाच्या टेबलावर पालथी पडली. पट्टी उलगडली. वर इंग्रजीत मजकूर होता: घेरियाचा पाडाव, फेब्रुवारी 1756, चित्रकार डोमिनिक सेर्स. त्याखाली फेब्रुवारी 1996. पूर्ण महिना, एकोणतीस तारखांसकट. 14 तारखेच्या चौकोनात कुणीतरी निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'गॅस लावला'.

दिवाणखान्यात शांतता पसरली. ही तेवढी म्हणाली, "निदान सिलिंडर किती दिवस पुरला ते तरी कळलं असतं. मार्चचं पान नाही का मिळालं?"

नाना आता रंगात आले होते. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. चित्रातली डौलदार जहाजं अॅडमिरल वॉटसनची, सोबत सैन्य घेऊन क्लाइव्ह. 12 फेब्रुवारी 1756 ला मारा सुरू झाला, एक गोळा तुळाजी आंग्र्यांच्या आरमारातल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला आणि त्या आगीत अख्खं आरमार जळालं. 13 तारखेला किल्ला पडला.

"रेस्टोरेशन? हे नाव इंग्रजी वाटतं," मी बुडत्याच्या आशेने म्हणालो.

"कंपनीचंच जहाज. आंग्र्यांनी आधी पकडून आणलेलं."

"म्हणजे पेटलंय ते जहाज इंग्रजांचं, हे मी म्हणालो ते..."

"मूळ मालकी त्यांची. जळताना आपलं."

या एका मुद्द्यावर मी अजूनही अर्धे गुण मागतो.

"पण नाना, आपले लोक काय करत होते? पुणं काय करत होतं?" एका तरुणाने तावातावाने विचारलं.

"पुणं इंग्रजांच्या बाजूने होतं," नाना शांतपणे म्हणाले. तुळाजी जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढे त्याच्या विधवेने लंडनमध्ये त्याची आठवण म्हणून बुरूज बांधला, तो सुवर्णदुर्गाच्या नावाने अजून उभा आहे. विजयदुर्गाच्या वेळी जमिनीवर पेशव्यांची फौज घेऊन रामाजी महादेव तळ देऊन होता. तुळाजी बोलणी करायला त्याच्याकडे गेला आणि जन्माचा कैदी झाला. तेवढ्यात इंग्रजांनी किल्ला घेतला आणि सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटली. पेशव्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. रिकामा किल्ला मिळवायलाही ऑक्टोबरपर्यंत झगडावं लागलं आणि बदल्यात बाणकोट द्यावं लागलं.

ज्यांच्या पराभवाला आमच्याच पेठांमधून हातभार लागला, त्यांचा पराभव मी आमचा विजय म्हणून सोनेरी फ्रेममध्ये लावला होता, आणि वर पोहे खिलवले होते. तो सेर्सही मूळचा फ्रान्सचा. खलाशी म्हणून इंग्रजांच्या हाती सापडला, कैदी होऊन इंग्लंडात गेला आणि पुढे तिथल्या राजाचा सागरी चित्रकार झाला. इंग्रजांच्या आरमारी विजयांची चित्रं काढून त्याने नाव कमावलं. निदान कुणाचा विजय रंगवतोय हे त्याला माहीत होतं.

जाताना नानांना माझी दया आली असावी. "खरा विजय हवा असेल तर 1783 चा घे," ते जिन्यात थांबून म्हणाले. "आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाजवळ कंपनीचं 'रेंजर' जहाज लढून पकडलं." माझा चेहरा उजळला. "मात्र सालबाईचा तह आधीच झालेला होता," ते दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "त्यामुळे जहाज परत द्यावं लागलं."

चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. फ्रेमवाल्याने आणखी 300 रुपये घेऊन पट्टी उलगडून दिली, त्यामुळे आता लढाईखाली फेब्रुवारी 1996 आणि 'गॅस लावला' स्वच्छ दिसतं. फॅनला पातं अजून नाही. तुमच्याही दिवाणखान्यात एखादा गौरवशाली विजय लटकत असेल तर एवढंच करा: कधीतरी फ्रेम उतरवा, पालथी घाला आणि खालची पट्टी दुमडलेली तर नाही ना, ते बघा. आणि पोहे त्यानंतर करा.