साडेतीन तासांचे सात दिवस

युरोपातल्या नदीवर आलिशान जहाजाने जायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो नदी कोणती घ्यावी हा. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्या चांगल्याच आहेत, पण तिकडे आता कुणीही जाते. डॅन्यूबचे नाव काढताच समोरचा माणूस "हो, आमचे व्याही मागच्या मे महिन्यात जाऊन आले" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नदी अशी हवी की नाव ऐकताच "म्हणजे नक्की कुठे आली ही?" असे कुणीतरी विचारलेच पाहिजे. या कसोटीला पोर्तुगालची दोरू पुरेपूर उतरते. ती स्पेनमध्ये उगम पावते, तिथे तिला दुएरो म्हणतात, आणि सुमारे नऊशे किलोमीटर वाहून पोर्तो शहरापाशी ती अटलांटिकला मिळते. एवढे सांगेपर्यंत चहा निवतो आणि जहाजाचा विषय तर अजून निघालेलाही नसतो.

नदी ठरल्यावर एक गोष्ट मात्र घरात कुणाला कळू देऊ नये. पोर्तोहून सुटणारी आगगाडी याच नदीच्या काठाकाठाने पोसिन्यू गावापर्यंत जाते. बराचसा मार्ग अगदी पाण्याला लागून आहे, डोंगर तेच, द्राक्षमळे तेच, आणि वेळ लागतो साधारण साडेतीन तास. जहाज त्याहून थोडे पुढे, स्पेनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन परत येते आणि त्याला आठवडा लागतो. दोन्ही तिकिटांच्या किमती एकाच कागदावर लिहू नयेत. प्रत्येक घरात एक हिशोबी माणूस असतो, त्याच्या हाती तो कागद पडला की सहल बारगळली म्हणून समजा. त्याने विचारलेच तर सांगावे की दोरूवर ही जहाजे रात्री चालवत नाहीत, संध्याकाळी धक्क्याला बांधतात, तेव्हा आपण पैसे मोजतोय ते थांबण्याचे. हे ठामपणे सांगितले तर तो गप्प बसतो. पटते म्हणून नव्हे, पण बसतो.

ऋतूची निवड सोपी आहे. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक अशी दोरूच्या खोऱ्यातली म्हणच आहे. जुलै-ऑगस्टात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे उन्हाळ्याला कंटाळून निघालेल्या विदर्भवासीयांनी तारीख दोनदा तपासावी. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी सुरू होते आणि जहाजाचे दरही तेव्हाच वर चढतात. तरीही सप्टेंबरच घ्यावा, कारण फोटोंत द्राक्षे दिसली नाहीत तर एवढे लांब जाऊन काय पाहिले, असे विचारणारे नातेवाईक आपल्याला आहेत.

खोली निवडताना माहितीपत्रकातल्या शब्दांवर लक्ष ठेवावे. सर्वांत खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त असते. तिची खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते आणि उघडत नाही. बदकाच्या नजरेला नजर देणे ही सोय मात्र फक्त याच खोलीत आहे. त्यावरच्या मजल्यावर 'फ्रेंच बाल्कनी' मिळते. म्हणजे सरकते काचेचे दार आणि दाराला चिकटून कठडा. या बाल्कनीत उभे राहता येत नाही, खुर्ची टाकता येत नाही, आणि ओला टॉवेल वाळत घातला तर स्वागतकक्षातून नम्र आवाजात फोन येतो. जी खरी बाल्कनी आहे तिचे भाडे ऐकून मन घट्ट करावे लागते. शिवाय धक्क्यांवर जागा कमी म्हणून जहाजे एकमेकांना खेटून बांधतात. सकाळी निसर्ग पाहायला पडदा सारावा तर हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजातले एक जर्मन आजोबा दात घासताना दिसतात. अशा वेळी नमस्कार करावा. चाळीत वाढलेल्यांना हे सहज जमते, बंगल्यात वाढलेल्यांनी थोडा सराव करून जावे.

व्हिसा शेंगेनचा, वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा, आणि बहुतेक रात्री पोर्तुगालात म्हणून अर्ज पोर्तुगालकडे. मुक्कामाचा पत्ता रोज पन्नास-साठ किलोमीटर सरकतो, हे एजंटाला शांतपणे समजावून सांगावे.

आता जेवण. जहाजावर 'शाकाहारी' म्हटले की मान डोलावतात, पण काल्दू व्हेर्द नावाचे निरागस हिरवे सूप समोर आले तर चमचा तळापर्यंत फिरवून पाहावे. बटाटा आणि चिरलेल्या हिरव्या पाल्याच्या त्या सुपात शोरिसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, एक चकती घालण्याची रीत आहे. गोव्याकडच्या मंडळींना ती लांबूनच ओळखू येईल आणि ते आपली वाटीही आनंदाने संपवतील. मेतकुटाची पुडी जवळ असावी, मात्र पांढरे हातमोजे घातलेला वेटर पाठमोरा झाल्यावरच सोडावी.

जहाजावर करायचे काय, ही शंका पहिल्याच दुपारी येते. दोरूवर जहाजाच्या वाटेत पाच धरणे आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूला जहाज वर चढवणारी टाकी आहे. कारापातेलूची टाकी जहाजाला ३५ मीटर उचलते. त्या वेळी सगळे प्रवासी डेकवर जमतात आणि ओल्या काँक्रीटच्या भिंतीचे चित्रीकरण करतात. आपणही करावे. भिंत हळूहळू खाली जाते, शेवाळ दिसते, पुन्हा शेवाळ दिसते. घरी परतल्यावर हाच व्हिडिओ पाहुण्यांना पूर्ण दाखवावा, पळवू नये.

व्हालेइराच्या धरणाजवळ जहाज आले की सावध बसावे. धरणापूर्वी इथे भयंकर खळाळ होता आणि १८६१ मध्ये जोझफ फॉरेस्टर यांची नाव त्यात उलटली. हे इंग्रज व्यापारी, दोरूचा उत्तम नकाशा त्यांनीच काढला, पोर्तुगालने त्यांना बॅरन केले, आणि ज्या नदीचा नकाशा काढला तिच्यातच ते बुडाले. कमरेला नाण्यांचा कसा होता म्हणून बुडाले, अशी आख्यायिका आहे. त्याच नावेत दोना आंतोनिया फरेरा होत्या. नवऱ्यामागे त्यांनी मळ्यांचे साम्राज्य उभे केले होते. त्या वाचल्या, आणि त्यांच्या फुगीर घागऱ्याने त्यांना तरंगत ठेवले असे सांगतात. यावरून रोकड जवळ बाळगावी की कार्ड, आणि महिलांनी जीन्स घालावी की नऊवारी, हे ज्याने त्याने ठरवावे.

वाइन चाखण्याचा कार्यक्रम हा सहलीचा गाभा, आणि इथेच बहुतेकांची फजिती होते. थोडी तयारी करून जावे. १७५६ मध्ये मार्केस द पोंबाल या मंत्र्याने दोरूच्या मळ्यांची हद्द आखायला घेतली. पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले, त्यांतले काही अजून उभे आहेत. लोक वाइनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळत, तर या गृहस्थाने ती झाडेच उपटायला लावली. दुधात पाणी घालणाऱ्याच्या दारातली विहीर बुजवण्यापैकी हा प्रकार. इथली प्रसिद्ध वाइन म्हणजे पोर्ट. ती तयार होताना रस आंबणे मध्येच थांबवतात. ७७ टक्के अल्कोहोल असलेला द्राक्षांचा अर्क त्यात ओततात. साखर उरते, म्हणून ती गोड लागते, आणि गोड लागते म्हणून "मी घेत नाही, फक्त चव बघतो" म्हणणारे काका तीनदा चव बघतात. अल्कोहोल विसेक टक्के असते हे त्यांना बसच्या पायरीवर कळते.

रुबी, टॉनी आणि व्हिंटेज ही तीन नावे पाठ असली की पुरे. रुबी तरुण आणि लाल. टॉनी लाकडी पिंपांत मुरते, तिच्यावर १०, २०, ३०, ४० अशी वर्षे लिहिलेली असतात. व्हिंटेज निवडक वर्षांचीच निघते. दोनेक वर्षे लाकडात काढून ती बाटलीत जाते आणि मग दशकानुदशके पडून राहते. पेला उजेडाकडे तिरका धरावा, नाक आत घालावे आणि "हं" म्हणावे. या "हं"वर पुढचे सारे अवलंबून असते. कशाचा वास येतो असे विचारल्यावर इतर लोक अंजीर आणि अक्रोड म्हणतील. आपण "पावसात भिजलेले दप्तर" म्हणावे. यजमान दचकतो, मग ते टिपून घेतो. चाखलेली वाइन थुंकायला एक भांडे ठेवलेले असते. मोजलेल्या पैशाचे काही थुंकायचे असते हे आपल्या माणसाला पटणार नाही, तेव्हा त्या भांड्याला शोभेची वस्तू मानावे. गोव्यात मिळणाऱ्या गोड लाल पोर्टचा, विशेषतः तिच्या किमतीचा, उल्लेख तळघरातून बाहेर पडेपर्यंत टाळावा.

जेवणानंतर पोर्टची सुरई टेबलावरून डावीकडे फिरते. इंग्रज व्यापाऱ्यांनी आणलेला हा रिवाज आहे. कुणी ती अडवून ठेवली तर तसे सरळ सांगायचे नसते, "नॉरिचच्या बिशपना ओळखता का?" असे विचारायचे असते. आपल्याला हा प्रश्न आला तर नॉरिच कुठे आहे ते सांगत बसू नये, सुरई सोडावी.

काही मळ्यांत अजून ग्रॅनाइटच्या हौदात द्राक्षे पायांनी तुडवतात. आधी बराच वेळ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आकड्यांच्या तालावर, रांगेने. मग वाजंत्री सुरू होते आणि ज्याला जसे सुचेल तसे. पाय नंतर बरेच दिवस जांभळे राहतात, मुंजीचे आमंत्रण असेल तर मोजे घालावेत.

ऐतिहासिक गावे बसने उरकतात. लामेगूच्या देवळाला ६८६ पायऱ्या आहेत. बस वरपर्यंत जाते आणि गोरे प्रवासी पायऱ्या उतरतात. जेजुरी केलेल्यांनी उलट चढून जावे, म्हणजे त्या दिवशी जेवण संपेपर्यंत टेबलावर दुसरा विषय निघत नाही. स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक आहे. तो ज्याला सापडतो तो परीक्षेत पास होतो असे मानतात, म्हणून बारावीच्या मुलांचे पालक तिथून हलत नाहीत. जवळच्या कॅथेड्रलवर अंतराळवीर कोरलेला आहे. तो १९९२ च्या डागडुजीतला. गटातले कुणीतरी त्यावरून प्राचीन विमानविद्येकडे वळेल, त्याला वळू द्यावे, बस सुटायला अर्धा तास असतो.

शेवटी सामान. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात आणि अर्धा लिटर वाया जातो, पण नवराबायकोचे चार लिटर एकत्र धरले तर पाच बाटल्या होतात, असे गणित जहाजावर हमखास मांडले जाते. वाटा मात्र माणशी मोजतात, पाचवी बाटली दोघांत वाटता येत नाही. म्हणून गटात मद्याला कधी न शिवलेली, वारीला जाणारी, सत्तरीपुढची दोन-तीन माणसे असावीतच. आठवडाभर त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पोर्तोच्या विमानतळावर मात्र सगळे त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात, त्यांची पिशवी उचलतात आणि तिच्यात काय ठेवले आहे ते त्यांना सांगत नाहीत.